वृद्धांची शुश्रूषा ही विद्या आहे

आईबापांची सेवा करावी हे कोणास शिकवावे लागत नाही, असा आपला सार्वत्रिक समज आहे. पुंडलिकाची कथा आपण लहानपणीच ऐकतो. श्रावणबाळाची कावड मुलांच्या पुस्तकांत चितारलेली असते. आणि दहा आज्ञांतही मातापित्यांच्या मानास मोठे स्थान दिलेले आहे. इतका उपदेश ज्या समाजाच्या कानी पडतो, त्या समाजातील वृद्ध मनुष्ये सुखात असावीत असे अनुमान कोणीही काढील. परंतु थोडे डोळे उघडून पाहिले म्हणजे निराळेच दृश्य दिसते. ज्या घरातील मुले आजोबांच्या पाया पडल्यावाचून परीक्षेस जात नाहीत, त्याच घरात आजोबांस दोन महिने नीट ऐकू येत नाही याची कोणी दखल घेतलेली नसते. जी सून सासूस वाढल्यावाचून स्वतः घास घेत नाही, तिला सासूच्या टाचेवरील लाल डाग ही येऊ घातलेली जखम आहे हे ठाऊक नसते. येथे प्रेमाची उणीव नाही. उणीव आहे ती ज्ञानाची. या लेखात आमचे म्हणणे एवढेच की, वृद्धांची शुश्रूषा ही जशी भक्ती आहे तशीच ती एक विद्याही आहे. ती शिकता येते, शिकविता येते, आणि घरातील प्रत्येकाने, विद्यार्थ्यांनीसुद्धा, ती शिकली पाहिजे.

हा प्रश्न आमच्या पूर्वजांपुढे आजच्या इतका मोठा नव्हता. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास हिंदुस्थानातील मनुष्याचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० च्या घरात गेले आहे. पूर्वी म्हातारी माणसे नव्हतीच असा याचा अर्थ नव्हे. पुष्कळ बालके पहिल्या वर्षातच दगावत, म्हणून सरासरी खाली येई. तथापि पटकी, प्लेग, हिवताप आणि दुष्काळ यांच्या तडाख्यातून वाचून सत्तरी गाठणारा मनुष्य विरळाच असे. २०११ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रातील शेकडा सुमारे १० माणसे साठीच्या पुढची आढळली, आणि तेव्हापासून हे प्रमाण वाढतच आहे. शिवाय त्या काळचे रोग चार-आठ दिवसांत निकाल लावीत. आजचे रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी, पक्षाघात, विस्मृती हे विकार दहा-दहा, वीस-वीस वर्षे मनुष्याच्या सोबतीस राहतात. आयुष्य लांबले ही कृपाच होय. परंतु ते लांबलेले आयुष्य नीट जावे याची तजवीज मात्र आपणच केली पाहिजे.

आपल्या अहमदनगर जिल्ह्याकडेच पाहू. याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. उत्तरेस गोदावरी व प्रवरा यांच्या पाटपाण्याचा मुलूख आहे. तेथेच लोणीजवळ १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पूर्वेस व आग्नेयेस पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे कोरडवाहू तालुके. दिवाळी झाली की या तालुक्यांतील गावांतून नवराबायकोचे ‘कोयते’ मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस निघतात, ते पाडव्याच्या आगेमागे परततात. त्या पाच महिन्यांत गावात कोण उरते? म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी नातवंडे. आजी नातवास सांभाळते की नातू आजीस सांभाळतो, हे सांगणे पुष्कळदा कठीण असते. बागायती गावांतही स्थिती फारशी निराळी नाही. मुलगा पुण्यास किंवा मुंबईस नोकरीवर, मुलगी सासरी, आणि वाड्यात दोन म्हातारे जीव. म्हणून हा विषय केवळ पालकांचा आहे, मुलांचा नाही, असे आम्हांस वाटत नाही. आमच्या बालवाचकांपैकी कित्येक जण आजच कोणा वृद्धाचे रात्रीचे सोबती आहेत.

या विद्येचा पहिला पाठ म्हणजे एका शब्दप्रयोगास रजा देणे. तो शब्दप्रयोग ‘वय झाले’ हा होय. आजोबा जेवत नाहीत, वय झाले. आजी रात्री बडबडते, वय झाले. चालताना धाप लागते, दिसत नाही, ऐकू येत नाही, लघवी कपड्यांत होते, सगळ्यांचे कारण एकच, वय झाले! वास्तविक या दोन शब्दांआड कितीतरी बरी होण्याजोगी दुखणी लपलेली असतात. ऐकू न येण्याचे कारण कधी कानात साचलेला मळ एवढेच असते. न दिसण्याचे कारण मोतीबिंदू असेल तर छोट्याशा शस्त्रक्रियेने दृष्टी परत मिळते. धाप लागणे हे हृदयाचे, फुप्फुसांचे किंवा रक्त कमी असल्याचे लक्षण असू शकते. अन्नावरची वासना उडण्याचे मूळ हलणाऱ्या दातात, बद्धकोष्ठात, एखाद्या औषधात अथवा मनाच्या खिन्नतेत सापडते. वार्धक्य हा रोग नव्हे. आणि रोगास वार्धक्य म्हणून सोडून देणे हा आदरही नव्हे.

यातही एक भेद प्रत्येक घराने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. काल नीट बोलणारी आजी आज एकाएकी माणसे ओळखीनाशी झाली, भलतेच बोलू लागली किंवा गुंगीत पडून राहू लागली, तर ते म्हातारपण समजू नये. लघवीच्या मार्गातील अथवा छातीतील जंतुदोष, शरीरातील पाणी किंवा क्षार कमी होणे, रक्तातील साखर उतरणे, नुकतेच सुरू केलेले औषध, यांपैकी काहीतरी बहुधा त्याच्या मुळाशी असते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. याउलट जी विस्मृती महिनोन्‌महिने हळूहळू वाढते, तिचे स्वरूप वेगळे. जर्मन वैद्य आलोइस आल्झायमर यांनी १९०६ मध्ये वर्णन केलेला व त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा विकार हे तिचे एक मोठे कारण आहे. अशा मनुष्यास वेडा म्हणून हिणवू नये, आणि ‘मघाशीच सांगितले ना!’ म्हणून वादही घालू नये. दिनक्रम रोजचा एकसारखा ठेवावा, वस्तू नेमलेल्या जागी ठेवाव्या, खिशात किंवा गळ्यात नाव, गाव व घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असू द्यावी. जे तो विसरला त्याची पुनःपुन्हा परीक्षा घेण्यात कोणाचेच हित नाही.

आता घराकडे वळू. आमची जुनी घरे तरण्या माणसांसाठी बांधलेली आहेत. उंच उंबरा, न्हाणीतील गुळगुळीत शहाबादी फरशी, अंगणापलीकडे शौचकूप, मधोमध खोल गेलेली बाज आणि रात्री सर्वत्र अंधार. साठीनंतर नजर मंदावते, स्नायू ढिले पडतात, तोल सावरण्यास वेळ लागतो. मग एक पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. चालते-फिरते माणूस अंथरुणास खिळण्याचे हे फार मोठे कारण होय, आणि ते पुष्कळ अंशी टाळता येते. न्हाणीत व शौचकूपात भिंतीस लोखंडी दांडी बसविण्यास गावच्या गवंड्याचा अर्धा दिवस पुरतो. न्हाणीतील फरशीवर साबणाचे पाणी साचू देऊ नये. ती खरखरीत करून घ्यावी किंवा तीवर न सरकणारे रबरी आसन टाकावे. स्नान उभ्याने न घालता बसण्याच्या चौरंगावर घालावे. खाली बसवत नसेल तर मधोमध भोक असलेली शौचाची खुर्ची मिळते. ती घेण्यास लाजू नये. रात्रभर एक मंद दिवा जळू द्यावा. पायांत अडकणारी सतरंजी, वायर, लोळणारे धोतर किंवा लुगडे यांची व्यवस्था लावावी. बाजेऐवजी गुडघ्याइतक्या उंचीचा घट्ट पलंग असावा. झोपेतून उठताच उभे राहू नये. काठावर दोन मिनिटे बसावे, पाय हलवावे, मग उठावे. कारण एकदम उठल्याने रक्तदाब खाली येऊन भोवळ येते. आणि पडल्यावर खुब्यात कळ येऊन पाय टेकवेनासा झाला तर हाडवैद्याकडून चोळून घेण्यात दिवस घालवू नयेत. अशा मोडीवर बहुधा शस्त्रक्रिया लागते, आणि ती जितकी लौकर होईल तितके मनुष्य पुन्हा चालण्याची आशा अधिक.

औषधांच्या बाबतीत आमच्या घरांतील अव्यवस्था तर विलक्षण आहे. एका डॉक्टरची चिठ्ठी देव्हाऱ्यामागे, दुसऱ्याची उशीखाली, आणि गोळ्या सगळ्या एकाच पिशवीत! त्यामुळे एकच औषध दोन नावांनी दोनदा पोटात जाते. रक्तदाबाची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून मध्येच सोडली जाते. वास्तविक ती गोळी चालू आहे म्हणूनच बरे वाटत असते. यावर उपाय दोन आण्यांच्या वहीचा. तीत प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, वेळ, ते कशासाठी व कोणी दिले हे लिहावे आणि कोणत्याही दवाखान्यात जाताना ती वही बरोबर न्यावी. गुडघेदुखीसाठी स्वतःच्या मनाने रोज वेदनाशामक गोळ्या घेणे मूत्रपिंडास व जठरास घातक असते. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या, ज्यांनी दोन दिवसांत सांधे मोकळे होतात, त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते; प्रथम चमत्कार दिसतो व मागाहून हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. उपवासाचाही विचार करावा. मधुमेहाची गोळी घेऊन किंवा इन्शुलिन टोचून एकादशीस निराहार राहणे धोक्याचे आहे. उपवास करावयाचाच असेल तर डॉक्टरांस आधी विचारून औषधाचे प्रमाण बदलून घ्यावे. अशा मनुष्यास एकाएकी घाम सुटला, हातपाय कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर साखर उतरली असे समजावे. शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्यावे; शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा.

अन्नपाण्याविषयी पुष्कळ लिहिता येईल. तथापि मुख्य गोष्टी दोनच. वय वाढले म्हणजे तहान मंदावते, पण पाण्याची गरज मंदावत नाही. चैत्र-वैशाखात, जेव्हा आपल्याकडे पारा ४० च्या वर चढतो, तेव्हा म्हातारे माणूस ‘तहान नाही’ म्हणून पाणी पीत नाही आणि संध्याकाळी ग्लानी येऊन पडते. पुष्कळ वृद्ध स्त्रिया तर रात्री उठावे लागू नये म्हणून मुद्दामच पाणी टाळतात. त्यांना दिवसा थोडे थोडे पाणी, ताक, पेज आठवणीने पुढे करावी. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. दुसरी गोष्ट बळाच्या अन्नाची. दात गेले की भाकरी सुटते आणि मनुष्य चहा-बिस्किटांवर राहू लागते. त्याने पोट भरते, पण अंगातील मांस झडते. बाजरीची भाकरी दुधात कुस्करून, हुलग्याचे माडगे, घट्ट वरण, मऊ खिचडी, शेंगदाण्याचे बारीक कूट, चालत असल्यास अंडे, असे अन्न आमच्या प्रत्येक घरात होण्याजोगे आहे. मीठ, लोणचे व पापड यांवर रक्तदाबाच्या रोग्याने हात आखडता घ्यावा. घास नेहमी बसवून भरवावा, निजलेल्या स्थितीत भरवू नये; जेवणानंतरही अर्धा तास बसते ठेवावे, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन छातीचा विकार जडतो.

मनुष्य अंथरुणास खिळले म्हणजे शुश्रूषेची खरी कसोटी लागते. सतत एकाच कुशीवर पडल्याने माकडहाड, खुबे, टाचा, कोपर या ठिकाणची कातडी दाबाने मरू लागते. प्रथम केवळ लाली दिसते. ती लाली बोटाने दाबूनही फिकी पडत नसेल तर जखमेस आरंभ झाला असे समजावे. अशा जागी चोळू नये. तेथील दाब काढावा. दर दोन तासांनी कूस बदलावी, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्या, चादर कोरडी व बिनसुरकुतीची असावी. मनुष्य उचलताना त्याच्या दंडास धरून ओढू नये. खाली घातलेली चादर दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवावे, म्हणजे त्याची कातडी सोलत नाही व आपली कंबरही धरत नाही. आणि आणखी एक गोष्ट: चेहरा एका बाजूस वाकडा झाला, एक हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात होय. या रोगात रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून तेल चोळण्यात किंवा पाहुणे गोळा होण्याची वाट पाहण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून, जेथे मेंदूची छायाचित्रे काढण्याची सोय आहे अशा मोठ्या रुग्णालयात पोहोचावे.

कोणी म्हणेल, ‘हे सगळे डॉक्टरांचे काम, खेड्यातील अशिक्षित माणसांस हे कसे साधणार?’ या आक्षेपास उत्तर आमच्याच जिल्ह्याने दिलेले आहे. १९७० मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. तो भाग दुष्काळी, रस्ते वाईट, दवाखाने दूर. त्यांनी गावोगावच्या लोकांस सांगितले की आपल्यातून एकेक बाई निवडून द्या. ज्या निवडल्या गेल्या त्यांपैकी कित्येकींस अक्षरओळख नव्हती, कित्येक समाजाने दूर ठेवलेल्या जातींतील होत्या. त्या जामखेडला येऊन शिकत, गावी जाऊन शिकलेले करीत, आणि पुन्हा नवे शिकण्यास येत. बाळंतपण, बालकांचे पोषण, अतिसार, कुष्ठरोग, क्षयरोग यांच्याशी त्यांनी झुंज दिली. पुढे रक्तदाब व मधुमेह यांवरही नजर ठेवू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेबलबाई १९९९ मध्ये व डॉ. रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले; परंतु त्यांनी सिद्ध केलेली गोष्ट राहिली. ती ही की, आरोग्याचे पुष्कळसे ज्ञान साध्या भाषेत सांगितले तर कोणीही साधी स्त्री ते आत्मसात करू शकते, आणि मग सारे गाव तिचे ऐकते. जी विद्या जामखेडच्या निरक्षर बायांनी हस्तगत केली, ती दहावीत शिकणाऱ्या मुलामुलींस जड जाईल असे म्हणणे हास्यास्पद होय.

परंतु शुश्रूषेचे ज्ञान जितके महत्त्वाचे तितकीच तिची वाटणीही महत्त्वाची आहे. आपल्या घरांत ही सारी जबाबदारी बहुधा एकाच स्त्रीवर पडते. मग ती सून असो, लेक असो, वा स्वतःच साठीस टेकलेली पत्नी असो. रात्री चार वेळा उठणे, कपडे धुणे, भरविणे, आणि पुन्हा पहाटे चूल पेटविणे तिलाच. मुलगा पुण्याहून पैसे पाठवितो व दूरध्वनीवर सूचना देतो; दीर सणास येतात व ‘आईची तब्येत का उतरली?’ असे विचारतात. तिची स्तुती सगळे करतात, तिला सुटी कोणी देत नाही. आम्हांस हा अन्याय वाटतो; आणि अन्यायाइतकाच तो अविचारही वाटतो. कारण जी झोपेवाचून राहिली, जिची कंबर गेली, जिचे मन करपले, तिच्या हातून उत्तम सेवा होणार कशी? म्हणून प्रत्येक कुटुंबाने एकदा सर्वांनी बसून ठरवावे: औषधोपचाराचा खर्च कोणी करावा, दवाखान्यात कोणी न्यावे, आठवड्यातून कोणत्या रात्री कोणी जागावे, आणि शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीस महिन्यातून काही दिवस माहेरी किंवा विसाव्यास कोणी पाठवावे. जो दूर आहे त्याने वर्षातून पंधरा दिवस येऊन ते काम स्वतः करावे. पैशाने औषध येते, पण कूस बदलण्यास हात लागतात. पुरुषांनी व मुलग्यांनी हे काम कमीपणाचे मानू नये; ज्या हातांनी बापाने आपले दुपटे बदलले नसेल, त्या हातांची उणीव मुलाने भरून काढावी.

येथेच एक अप्रिय गोष्ट बोलणे प्राप्त आहे. काही घरांत सर्व प्रयत्न करूनही शुश्रूषा झेपत नाही. अशा वेळी पगारी परिचारिका ठेवणे किंवा चांगल्या वृद्धाश्रमाचा आश्रय घेणे यांत कलंक मानण्याचे कारण नाही. लोक काय म्हणतील या भयाने म्हाताऱ्यास घरातच ठेवावयाचे आणि मागच्या खोलीत ताट सरकवून दार लोटून घ्यावयाचे, यापेक्षा बाहेरची माणुसकी केव्हाही श्रेष्ठ. मात्र हा निर्णय त्या वृद्धास विचारून, त्याच्या समक्ष व्हावा. वृद्ध मनुष्य हा घरातील सामानाचा नग नव्हे. त्याच्या औषधाविषयी, पैशाविषयी, राहण्याविषयी त्याच्या डोक्यावरून बोलणे हा अपमान आहे. तो ऐकू न आल्याचे सोंग घेतो, पण ऐकतो.

पैशाची गोष्ट निघाली म्हणून कायदा व सरकारी सोयी यांचाही उल्लेख करू. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा २००७ मध्ये झाला. साठ वर्षांवरील ज्या मनुष्याचे पोषण त्याची समर्थ मुले करीत नाहीत, त्याला प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेले घर किंवा जमीन, अट न पाळल्यास, रद्द करवून घेण्याची तरतूदही त्यात आहे. म्हणून सर्व मालमत्ता हयातीतच लिहून देण्याची घाई वृद्धांनी करू नये, आणि दिलीच तर ती अट कागदावर यावी. ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजनेचे मासिक वेतन जुलै २०२३ मध्ये १,५०० रुपये करण्यात आले. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशास एसटीचा प्रवास विनामूल्य झाला, व ६५ ते ७५ या वयात अर्धे भाडे पडते. दवाखान्याच्या फेऱ्यांस ही मोठी सवलत आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील वृद्धांस, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेखाली कुटुंबास वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांची सोय खुली झाली. १४५६७ हा दूरध्वनी वृद्धांच्या साह्यार्थ ठेवलेला आहे. या सोयी पुष्कळ घरांपर्यंत पोहोचत नाहीत याचे एक कारण असे की अर्ज भरण्यास घरात कोणी बसत नाही. आमच्या विद्यार्थ्यांस अर्ज लिहिण्याचा पाठ भाषेच्या तासाला असतोच. तो पाठ आजीच्या अर्जावर गिरवावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही म्हणाल, आम्ही लहान, आम्हांकडून काय होणार? पुष्कळ होईल. औषधांची वही तुम्ही लिहा. तुमचे अक्षर घरात सर्वांत ताजे आहे. आजोबांचा चष्मा रोज पुसा. मधुमेही आजीचे तळपाय रोज संध्याकाळी पाहा. बोटांच्या बेचक्यांत भेग, फोड किंवा काळसर डाग दिसला तर मोठ्यांस सांगा, कारण तिला तेथील दुखणे कळेलच असे नाही. सकाळी त्यांच्याबरोबर अंगणात वीस पावले चाला, उद्या पंचवीस. वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवा. जवळ जाऊन, समोर बसून, सावकाश बोला. दुरून ओरडल्याने ऐकू येत नाही, राग मात्र ऐकू जातो. त्यांना जुन्या गोष्टी विचारा: १९७२ चा दुष्काळ, खडी फोडण्याची कामे, पहिली एसटी गावात आली तो दिवस. ज्याला कोणी काही विचारीत नाही, तो हळूहळू जेवणावरूनही उठतो. आणि आईबाप ऊसतोडीस गेले असतील व तुम्ही एकटेच आजीपाशी असाल, तर शेजारच्या एका घरास, गावच्या आशाताईंस व आपल्या वर्गशिक्षकांस ही गोष्ट सांगून ठेवा. मदत मागणे हेही शुश्रूषेचेच अंग आहे.

शाळांनाही आमची एक विनंती आहे. वर्षातून चार तास या विद्येसाठी राखून ठेवावेत. गावातील परिचारिकेस बोलावून रक्तदाब कसा मोजतात, अंथरुणातील मनुष्याची कूस कशी बदलतात, पक्षाघात कसा ओळखावा, हे मोठ्या वर्गांतील मुलामुलींस दोघांसही प्रत्यक्ष शिकवावे. निबंधात श्रावणबाळावर दहा ओळी लिहिणारा मुलगा शाळेतून बाहेर पडतो तेव्हा त्याला आजीस पलंगावरून खुर्चीवर सुरक्षित कसे बसवावे हेही येत असावे. या शिक्षणास इमारत लागत नाही, मोठी यंत्रे लागत नाहीत, आणि त्याची परीक्षा प्रत्येक घरात एक ना एक दिवस होणारच असते.

आज जे पन्नाशीत आहेत ते उद्या त्याच बाजेवर असतील, आणि आज जे वर्गात बसले आहेत ते त्यांच्या उशाशी. तो दिवस येईल तेव्हा आपल्या मुलांच्या मनात प्रेम असेल याविषयी आम्हांस शंका नाही. त्यांच्या हातांत कसबही असावे, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.